रेनकोटावर विशेषण नको, आकडा हवा

मृग नक्षत्र लागले की गावोगावच्या बाजारपेठांत दुकानांच्या दारावर रेनकोट टांगलेले दिसू लागतात. मोटरसायकलवरून कामाला जाणारा माणूस थांबतो, कापड दोन बोटांत चोळून पाहतो आणि विचारतो, "पाणी आत येणार नाही ना?" दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे, साहेब!" पैसे दिले जातात, पुडके बांधले जाते आणि सौदा संपतो.

विद्यार्थिमित्रहो, या संभाषणात मोजता येण्याजोगी एकही गोष्ट नाही. 'शंभर टक्के' हा दिसायला आकडा आहे, पण तो कशाचे शंभर टक्के हे कोणीच सांगत नाही. किती दाबाच्या पाण्याला? किती वेळ? कापडाला की शिवणीला? आणि आतल्या माणसाला येणाऱ्या घामाचे काय? दूध आपण लिटरने घेतो, कापड मीटरने घेतो, विजेच्या दिव्यावर वॉट किती ते वाचतो. मग शेकडो किलोमीटरच्या प्रवासात अंगावर घालायची वस्तू केवळ विशेषणावर का विकत घ्यावी? रेनकोटावर आकडे छापलेले असावेत, आणि ते विचारण्याची सवय गिऱ्हाइकाला असावी, असे माझे मत आहे. ते का, हे तुमच्या शाळेच्या पुस्तकांतील भौतिकशास्त्राच्याच आधाराने मांडतो.

तुम्ही म्हणाल, "हे आम्हाला कशाला? गिअरच्या मोटरसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही." बरोबर आहे. परंतु वडील, काका किंवा मोठी बहीण पावसातून गाडी चालवत असते आणि पुष्कळदा मागच्या सीटवर तुम्ही बसलेले असता. भाद्रपदात गणपतीसाठी मुंबईहून सावंतवाडीकडे मोटरसायकलने निघालेल्या माणसाला सुमारे पाचशे किलोमीटर अंतर कापायचे असते, आणि वाटेत कोकणातला पाऊस त्याच्या सोबतीला असतो. शिवाय दाब, पृष्ठताण, अप्रकट उष्मा हे शब्द घरात सध्या कोणाला ताजे ठाऊक असतील, तर ते तुम्हालाच. तेव्हा यंदा घरात रेनकोट घ्यायची वेळ आली की तुमच्या मताला वजन असायला हवे.

पाऊस समोरून येतो

उभ्या माणसावर पाऊस वरून पडतो. मोटरसायकलवरच्या माणसावर तो समोरून येतो. मध्यम आकाराचा थेंब जमिनीकडे सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने येत असतो. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. सापेक्ष वेगाची आकृती काढून पाहा. चालकाच्या दृष्टीने पावसाची रेषा क्षितिजसमांतर रेषेशी जेमतेम २२ अंशांचा कोन करते. छातीवर, मांड्यांवर, गुडघ्यांवर आणि मानेच्या पुढच्या बाजूवर तो सरळ आपटतो.

आता किती पाणी आपटते ते काढू. समजा, ताशी २० मिलिमीटर पाऊस पडत आहे. म्हणजे एक चौरस मीटर जागेवर तासाला २० लिटर पाणी पडते. थेंब सेकंदाला ७ मीटर खाली येत असतील, तर तासाभरात ते २५,२०० मीटर अंतर तोडतात. अर्थात २५,२०० घनमीटर हवेत मिळून २० लिटर पाणी लटकलेले असते. भागाकार केला की प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे ०.८ ग्रॅम पाणी येते. चालकाच्या शरीराची समोरची बाजू ०.६ चौरस मीटर धरली, तर एका तासात ६० किलोमीटर जाताना तो ३६,००० घनमीटर हवा 'झाडून' घेतो. त्यातले पाणी सुमारे २८ लिटर भरते! त्याच पावसात तासभर नुसत्या उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्याखांद्यांवर सुमारे ६ लिटर पडेल. काही थेंब हवेच्या झोताबरोबर बाजूने निसटतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी असेल. तरीही शाळेत चालत जाण्यासाठी पुरणारा रेनकोट लांबच्या मोटरसायकल प्रवासाला का पुरत नाही, हे या हिशेबावरून कळते.

याच कारणाने आपले जुने इरले इथे उपयोगी पडत नाही. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले पाठीवर घेऊन वाकून भात लावणाऱ्या माणसाला ते फारच चांगले. पाऊस वरून येतो, पाठ झाकली जाते आणि खालची बाजू मोकळी असल्यामुळे घामाची वाफही निघून जाते. ज्या कामासाठी ते घडले त्या कामाला ते अगदी योग्य आहे. पावसाची दिशा बदलली की साधनही बदलावे लागते.

कुठे गळते आणि का?

पुष्कळांना वाटते की वाऱ्याच्या दाबाने पाणी कापडातून आत घुसते. पाहू या. ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेचा दाब सुमारे १६७ पास्कल होतो. पाण्याच्या स्तंभाच्या भाषेत बोलायचे तर अवघा १७ मिलिमीटर. थेंब आपटताना क्षणभर याहून पुष्कळ जास्त दाब पडतो, पण तो फार थोडा वेळ टिकतो.

आता सीटकडे वळा. चालकाचे ५० किलोग्रॅम वजन सीटच्या ६०० चौरस सेंटिमीटर जागेवर पडते असे धरा. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ८३ ग्रॅम भार आला. ८३ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशी एवढाच दाब देतो. सीटवर साचलेले पाणी आणि वर हा दाब, तोही तासन्‌तास. हाडांच्या टोकांखाली तो आणखी जास्त असतो. म्हणून बहुतेक पँटी प्रथम बसण्याच्या जागी गळतात, आणि चालक बिचारा छातीवरच्या कापडाला दोष देत बसतो.

कापड पाणी अडवते ते मुख्यतः पृष्ठताणाच्या जोरावर. ज्या कापडाला पाणी चिकटत नाही, त्याच्या लहानशा छिद्रातून पाणी आत ढकलायला दाब लागतो. छिद्र जितके लहान, तितका हा दाब जास्त. गणित केले तर १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून पाणी ढकलायला फार तर ३ सेंटिमीटरचा स्तंभ पुरतो. छिद्र हजारपट लहान, म्हणजे १ मायक्रोमीटरचे केले, तर हजारपट दाब, म्हणजे जवळजवळ ३० मीटरचा स्तंभ लागेल.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. कापड कितीही उत्तम असो, ते शिवताना सुईने भोके पाडलीच. एका कोटात ४ मीटर शिवण आणि दर सेंटिमीटरला तीन टाके धरले तर १,२०० भोके झाली. त्यांतून गेलेला दोरा पाणी आत ओढतो तो वेगळाच. म्हणून चांगल्या रेनकोटाच्या आतल्या बाजूने शिवणीवर पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. दुकानात कोट उलटा करून ही पट्टी पाहण्याला अर्धा मिनिट लागतो. बाहेरच्या रंगीत छापापेक्षा या अर्ध्या मिनिटातून अधिक माहिती मिळते. पँटीच्या बाबतीत तर दोन पायांच्या शिवणी बसण्याच्या जागीच एकत्र येतात, म्हणजे सर्वांत जास्त दाबाच्या जागी सर्वांत जास्त भोके! ज्या पँटीत त्या जागी आतून जादा तुकडा लावलेला असतो ती घ्यावी.

दुसरी वाट केशाकर्षणाची. आतल्या सुती सदऱ्याची बाही रेनकोटाच्या बाहेर दोन बोटे जरी डोकावली, तरी ती दिव्याच्या वातीसारखे काम करते आणि पाणी कोपरापर्यंत चढते. मग माणूस म्हणतो, "कोट गळला." खरे म्हणजे कोट गळलेला नसतो, सदरा प्यालेला असतो. बाहीला आतून एक घट्ट तोंड असावे, ते हातमोज्याच्या आत जावे आणि बाहेरची बाही मोज्यावरून यावी. पँटीचा पाय नेहमी बुटाच्या बाहेरून हवा. तो बुटात खोचला तर बूट म्हणजे दोन बादल्याच झाल्या.

आतला पाऊस

आता एक प्रयोग. एका हातावर पॉलिथीनची पिशवी घाला, मनगटाशी दोरा सैलसा बांधा आणि दहा मिनिटे शांत बसा. पिशवी शंभर नंबरी वॉटरप्रूफ आहे, यात शंका नाही. तरी आतून ती धुरकटते आणि हात दमट होतो. हे पाणी बाहेरून आलेले नाही. त्वचेतून सतत वाफ निघत असते आणि तिला वाट मिळाली नाही की तिचे पाणी होते. चालक चार तास न हवेशीर कोटात बसला, तर एक थेंब आत न येताही त्याचा सदरा ओला होतो.

हा प्रश्न दोनशे वर्षांचा आहे. ग्लासगो येथील चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर बसवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. रबर विरघळवण्यासाठी त्याने डांबरापासून मिळणारा नॅफ्था वापरला. पाणी अडले, पण हे कापड उन्हात चिकट आणि थंडीत ताठ होई. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबर गंधकासह तापवून ही खोड घालवण्याचा मार्ग शोधला. घामाची अडचण मात्र तशीच राहिली. पुढे १९६९ साली अमेरिकेतच रॉबर्ट गोअर याने टेफ्लॉन झटकन ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. पाण्याच्या थेंबाला ही छिद्रे फार लहान, पण वाफेच्या रेणूला पुरेशी मोठी. गोअर-टेक्स या नावाने हे कापड १९७६ साली बाजारात आले आणि 'श्वास घेणारे कापड' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

मग हेच घ्यावे, प्रश्न संपला, असे तुम्हाला वाटेल. येथे जरा थांबा. कापड स्वतः श्वास घेत नाही. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या वाफेच्या दाबापेक्षा जास्त असेल, तरच वाफ बाहेर जाते. युरोपातला थंड दिवस घ्या: तापमान १० अंश सेल्सिअस, आर्द्रता ७० टक्के. बाहेरच्या वाफेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ६ मिलिमीटरएवढा. कोटाच्या आत ३३ अंश आणि पूर्ण दमटपणा धरला तर सुमारे ३८ मिलिमीटर. फरक जवळजवळ ३१ मिलिमीटर. आता श्रावणातले रत्नागिरी घ्या: २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. बाहेरच्या वाफेचा दाब सुमारे २३ मिलिमीटर, म्हणजे फरक उरला १५. तेच कापड, तोच माणूस, पण वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्मा! त्यातून कापडाचा बाहेरचा थर भिजून पाण्याने झाकला गेला की वाट आणखी अरुंद होते.

याचा अर्थ असले महाग कापड वाईट आहे असा नाही. थंड हवेच्या प्रदेशात, लेह-लडाखच्या वाटेवर किंवा डोंगरात ते फार उपयोगी पडेल. परंतु कोकणातल्या दमट हवेत त्याच्यासाठी कित्येक पट किंमत देण्यापूर्वी हा हिशेब करावा. आपल्याकडे पाठीवर झडपेखाली झाकलेली आणि काखेत उघडता येणारी मोकळी जागा ठेवलेला साधा, सैलसर कोट पुष्कळदा तेवढेच काम करून जातो. गाडी चालू असताना वारा फुकट मिळतो. त्याला आत फिरायला वाट ठेवणे, हेच इरल्याचे तत्त्व नव्या रूपात वापरणे होय.

आकड्यांची माझी मागणी काही हवेतली नाही. पावसात काम करणाऱ्यांच्या पोशाखासाठी युरोपात इ. एन. ३४३ हे मानक आहे. त्यानुसार पोशाखाच्या चिठ्ठीवर निरनिराळे वर्ग-क्रमांक छापावे लागतात: एक पाणी किती दाबापर्यंत अडते याचा, दुसरा वाफ किती सहज बाहेर जाते याचा. पाणी अडवण्याच्या तिसऱ्या वर्गासाठी कापडाने आणि शिवणीने १३,००० पास्कल, म्हणजे सुमारे १.३ मीटरचा स्तंभ सोसला पाहिजे. वर आपण काढलेल्या सीटवरच्या ८३ सेंटिमीटरशी याची तुलना करा. वाफेच्या बाबतीत तर हे मानक आणखी पुढे जाते. सर्वांत खालच्या वर्गाचा पोशाख २५ अंश तापमानात काम करताना सलग तासाभराहून अधिक घालू नये, असे त्यात सुचवलेले आहे. पाहा, कपडा पाणी अडवतो हे मान्य करूनही तो किती वेळ घालावा हे सांगितले आहे. आपल्या बाजारातल्या साध्या रेनकोटावर अशी चिठ्ठी सहसा दिसत नाही.

थंडी बोटांतून ब्रेककडे जाते

"भिजलो तर काय झाले? मिठाचे थोडेच आहोत?" असे म्हणणारे पुष्कळ आहेत. शेतात किंवा अंगणात भिजणे आणि ताशी ६० किलोमीटर वाऱ्यात भिजणे यांत मोठा फरक आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला शरीराच्या तापमानाला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाचे तापमान एक अंशाने उतरवायचे तर सुमारे ५०,००० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. भागाकार करा. सुमारे ८५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या अर्ध्या-पाऊण कपाएवढे पाणी ओल्या कपड्यांतून वाळले आणि त्याची सगळी उष्णता शरीरातून गेली, तर एवढे नुकसान होते. शरीर अर्थात नवी उष्णता निर्माण करत असते. स्वस्थ बसलेल्या माणसात ती तासाला साधारण ९० ते १०० हजार कॅलरी असते. पण जोराच्या वाऱ्यात ओला सदरा जमाखर्चाची ही वही खर्चाच्या बाजूला झुकवू शकतो.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना माणूस तेराशे मीटरच्या आसपास उंच चढतो. उंचीबरोबर तापमान हजार मीटरला पाच-सहा अंशांनी उतरते. खाली दमटपणाने घामाघूम झालेला चालक वर धुक्यात पोहोचतो तेव्हा तोच घाम त्याला गारठवतो. शरीर आतले अवयव ऊबदार ठेवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आखडते. बोटे बधिर होतात. आणि मोटरसायकलचा पुढचा ब्रेक व क्लच असतो बोटांतच! ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर झाला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. एस.टी.च्या बसहून हे अंतर लांब आहे. त्यात रस्ता ओला, म्हणजे घर्षण कमी आणि थांबायला लागणारे अंतर अधिक.

म्हणून रेनकोट ही केवळ कपडे वाळते ठेवण्याची वस्तू नाही. हेल्मेट डोके वाचवते, तर चांगला रेनकोट चालकाची बोटे आणि शुद्ध जागेवर ठेवून अपघातच टाळायला मदत करतो. आपण हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण पाहतो. मग रेनकोटाबाबत इतकी बेफिकिरी का?

काळा रंग कोणासाठी?

काळा रेनकोट मळत नाही, म्हणून तो खपतो. पण पावसाळी संध्याकाळी काळ्या डांबरी रस्त्यावर, काळ्या ढगांखाली, पाण्याने भरलेल्या काचेमागून समोरच्या ट्रकचालकाला तो दिसावा कसा? न्यूझीलंडमध्ये ऑकलंड भागात १९९३ ते १९९६ या काळात मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात चमकदार किंवा प्रकाश परत फेकणारे कपडे घातलेल्या स्वारांना अपघातात इजा होण्याचा धोका इतरांपेक्षा ३७ टक्के कमी आढळला. कापडाच्या रंगाने इतका फरक पडत असेल, तर मळण्याची चिंता बाजूला ठेवावी हे बरे.

येथेही दोन गोष्टींची गल्लत होते. भडक पिवळा किंवा नारिंगी प्रतिदीप्त रंग अतिनील किरणे शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. म्हणून तो दिवसा आणि ढगाळ हवेत उठून दिसतो, पण रात्री दिव्याच्या उजेडात त्याची ही करामत चालत नाही. रात्री उपयोगी पडतात त्या बारीक काचमण्यांच्या चंदेरी पट्ट्या. त्या मोटारीच्या दिव्याचा प्रकाश आलेल्या दिशेनेच परत पाठवतात. लांबच्या प्रवासात दिवस आणि रात्र दोन्ही येतात, तेव्हा दोन्ही हव्यात.

"इतके पैसे कोणाकडे आहेत?"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. रोज गाडीवरून दूध किंवा भाजी पोहोचवणाऱ्याला, टपाल वाटणाऱ्याला, खेड्यातल्या शाळेत जाणाऱ्या शिक्षकांना हजारो रुपयांचा पोशाख परवडणार नाही. म्हणूनच आकड्यांची गरज गरीब गिऱ्हाइकाला जास्त आहे. श्रीमंत माणूस एक कोट फसला तर दुसरा घेईल. ज्याच्याजवळ एकदाच घेण्यापुरते पैसे आहेत, त्याला ते कुठे घालावेत हे आधी कळले पाहिजे.

माझ्या मते त्या पैशांचा क्रम असा असावा. पहिला पैसा शिवणीच्या पट्टीला. दुसरा पँटीच्या बसण्याच्या जागेला. तिसरा रंगाला आणि चंदेरी पट्ट्यांना, ज्या वेगळ्या विकत आणूनही लावता येतात. चौथा हवा खेळण्याच्या झडपांना. आणि श्वास घेणाऱ्या महाग पापुद्र्याचा विचार शेवटी, तोही थंड प्रदेशात जायचे असेल तर. कोट आणि पँट वेगवेगळी असावीत. वरून टाकायचा झगा किंवा सैल कापड गाडीवर नको. वाऱ्याने ते फुगते, साखळीत किंवा मागच्या चाकात अडकते आणि शंभर अंशांहून जास्त तापलेल्या सायलेन्सरला लागून वितळते. आत सुती कपड्यांऐवजी लवकर वाळणारे कापड किंवा पातळ लोकर घालावी. आपले धनगर ओल्या हवेत घोंगडी वापरतात ते उगाच नाही. ओली लोकर सुती कापडापेक्षा ऊब बरीच टिकवते.

आणि मागे बसून छत्री उघडणे? त्याचाही हिशेब ऐका. ताशी ५० किलोमीटर वेगाला अर्धा चौरस मीटर छत्रीवर वारा सुमारे ६ किलोग्रॅम वजनाएवढा ओढा देतो, आणि वाटीसारख्या आकारामुळे तो आणखी वाढतो. वाऱ्याचा झोत फिरला की हा ओढा एका क्षणात दिशा बदलतो. दोन चाकांवरच्या गाडीला हा खेळ परवडत नाही. तुम्ही मागे बसत असाल तर हे तुमच्याच हातात आहे.

शाळेत करून पाहा

विज्ञान-शिक्षकांना एक विनंती. पावसाळ्याच्या आरंभी वर्गात रेनकोटाची परीक्षा घ्यावी. पाच सेंटिमीटर व्यासाची, मीटरभर लांबीची प्लॅस्टिकची नळी घ्या. तिच्या खालच्या तोंडावर जुन्या रेनकोटाचे कापड ताणून पक्के बांधा, नळी स्टँडला उभी धरा आणि हळूहळू पाणी भरा. खाली कोरडे वर्तमानपत्र ठेवा. पहिला थेंब किती उंचीला पडला ते मिलिमीटरमध्ये लिहा. तोच या कापडाचा आकडा! मग शिवणीचा तुकडा लावून पुन्हा करा. दोन आकड्यांतला फरक पाहून वर्गात चर्चा आपोआप सुरू होईल.

वाफेसाठी तीन सारखे पेले घ्या. तिन्हींत सारखे कोमट पाणी ओता. एक उघडा ठेवा, एकावर पॉलिथीन बांधा, एकावर रेनकोटाचे कापड. दुसऱ्या दिवशी तिन्हींची वजने करा. तिसरा प्रयोग मैदानावर, संध्याकाळी. निरनिराळ्या रंगांचे कापडाचे तुकडे मुलांच्या हाती द्या आणि किती पावलांवर कोणता रंग दिसेनासा होतो ते मोजा. काळा कितव्या पावलावर नाहीसा झाला ते घरी सांगा.

असे तक्ते भिंतीवर लागले, ते पालकांनी वाचले आणि दहा गिऱ्हाइकांनी दुकानात "जलस्तंभ किती? शिवणीला पट्टी आहे का?" असे विचारले, तर दुकानदार तोच प्रश्न कारखानदाराला विचारील. मानके सरकारने करावीत हे खरे, पण मागणी आधी गिऱ्हाइकाकडूनच यावी लागते. आकडा न विचारणाऱ्याला विशेषणच मिळणार.

शेवटी एक गोष्ट सांगून ठेवतो. एक-दोन आकडे चांगले असलेला कोट अंगावर आहे, म्हणून ओल्या रस्त्याचे घर्षण वाढत नाही. पाऊस इतका दाट झाला की पुढचे दिसत नाही, तेव्हा रस्त्याच्या बाजूला सुरक्षित जागी थांबणे, चहा घेणे, ओले मोजे पिळून सुके घालणे हाच सर्वांत उत्तम रेनकोट. त्याला पैसे पडत नाहीत. गणपतीच्या आरतीला तासभर उशीर झाला तरी चालतो. घरच्यांना वाट पाहायची असते ती माणसाची.